पुण्याहून मुंबईला किती वेळ लागतो?

पुणे स्टेशनपासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साधारण ११८ किलोमीटर भरते. रस्त्याने हेच अंतर दीडशेच्या आसपास जातं आणि रेल्वेने १९२ किलोमीटर. म्हणजे रेल्वे सरळ रेघेच्या दीडपटीहून जास्त अंतर कापते. आकाशातल्या आणि जमिनीवरच्या अंतरातल्या या फरकामागे मुख्यतः दोन गोष्टी आहेत : मुंबईभोवतीची खाडी आणि सह्याद्रीचा कडा. या दोन अडथळ्यांशी माणसं गेली अडीचशे वर्षं कशी झुंजत आली, त्याची ही गोष्ट.

मी शिक्षणाने अभियंता आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. इतिहास हा शाळेत माझा आवडता विषय होता, पण तो तिथेच राहिला. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मात्र ‘आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू काहीतरी शोधून लिही’ अशी आज्ञा केली. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रवास कधी ना कधी केला आहे. कुणी नोकरीसाठी, कुणी लग्न होऊन, कुणी परदेशी जाणारं विमान पकडायला. म्हणून हाच विषय घेतला.

आमच्या धंद्यात एक साधा नियम शिकवतात. एखादं काम हळू होत असेल, तर सगळीकडे हात घालत बसू नका. सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ती शोधा. ती मोकळी केलीत की काम पटकन पुढे सरकतं आणि लगेच दुसरीकडे कुठेतरी नवी अरुंद जागा उघडी पडते. पुणे-मुंबई प्रवासाचा इतिहास वाचताना मला हा नियम पानोपानी भेटला.

खाडी आणि घाट

सुरुवात एका अशा प्रवासापासून करू, जो पूर्णच झाला नाही. १७७८च्या नोव्हेंबरअखेर इंग्रजांची फौज मुंबईहून पुण्यावर निघाली. रघुनाथरावांना पेशवेपदी बसवण्याचा त्यांचा बेत होता. फौज पाण्याने पनवेलला उतरली, बोरघाट चढली आणि वर आल्यावर मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. तोफा, दारूगोळा, तंबू, धान्य आणि ते ओढणारे हजारो बैल असा तो पसारा होता. ४ जानेवारी १७७९ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. आपल्याकडे तो ‘इष्टूर फाकडा’ म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच रिकामं करून जाळलं होतं. पुढे पुणं तीस-पस्तीस किलोमीटरवर होतं, पण दाणागोटा संपत आला होता आणि मागे घाट होता. फौज उलटी फिरली आणि वडगावला तिला तह करावा लागला. दीड महिना चालून मुंबईची फौज पुण्याला पोचू शकली नाही. शौर्य मराठी सैन्याचं होतंच, पण महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांनी त्या घाटाचा आणि अंतराचाही शस्त्रासारखा उपयोग केला.

पेशवाई गेली आणि तोच घाट इंग्रजांच्या डोळ्यांत वेगळ्या कारणाने खुपू लागला. राज्य पुण्यावर करायचं, पण बंदर आणि सरकार मुंबईला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३०मध्ये, बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. त्याआधी घाटात माल बैलांच्या पाठीवरून जाई आणि माणसं पालखीतून, घोड्यावरून किंवा आपल्या पायांनी. रस्ता झाल्यावरही मुंबईहून पनवेलपर्यंत होडीच होती. भरती-ओहोटी पाहायची, पनवेलला उतरायचं, खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी यायचं, चढून खंडाळ्याला मुक्काम करायचा, मग मावळातून पुणं. बरोबर कुटुंबकबिला असेल तर दोन-तीन दिवस सहज मोडत.

याच काळात आपल्या पेठेत काय चाललं होतं? १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी पुण्याचं सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं, ते आज आपल्या पेठेत पुणे नगर वाचन मंदिर म्हणून उभं आहे. आणि त्याच वर्षापासून लोकहितवादींची शतपत्रं मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात छापून येऊ लागली. पुण्याच्या ब्राह्मणांवर आसूड ओढणारं पत्र मुंबईला छापलं जाई आणि टपालाने घाट चढून पुण्यात येई, तेव्हा पेठांमध्ये गहजब होई. विचारांनी घाट ओलांडायला सुरुवात केली होती, माणसांना मात्र अजून पालखी लागत होती.

पाच वर्षांची फट

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे. पुढचं पाठ्यपुस्तकात सहसा नसतं. १८५६मध्ये गाडी घाटाच्या पायथ्याशी, पळसदरीपर्यंत आली. १४ जून १८५८ला घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे अशी गाडी सुरू झाली. म्हणजे खाली रूळ होते, वर रूळ होते आणि मधला कडा मोकळा. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला गाडीतून उतरे, पालखी, डोली किंवा तट्टू ठरवे, घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. ही अवस्था तब्बल पाच वर्षं चालली. विज्ञानयुगाच्या मध्यभागी एक पालखी, असं ते चित्र आहे.

ती फट बुजवणं किती अवघड होतं, ते आकड्यांवरून कळतं. घाटाची लांबी सुमारे पावणेसोळा मैल, चढ १८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर. सगळ्यात तीव्र जागी सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. इंजिनाच्या दृष्टीने हा भिंतीवर चढण्याचाच प्रकार. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधायचे होते. तरीही एका ठिकाणी वळण घ्यायला डोंगराने जागाच दिली नाही. तिथे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी एक युक्ती केली. गाडी कड्याच्या टोकाशी आणून थांबवायची, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. इंग्रजीतल्या झेड अक्षरासारखा मार्ग. हे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ पुढे सहासष्ट वर्षं चाललं.

हे सगळं केलं कुणी? एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर या घाटात राबत होते. दऱ्यांवर दोरखंड बांधून, त्यावर लोंबकळत लोक सुरुंगासाठी भोकं पाडत. पावसाळ्यात काम थांबे, दिवाळीनंतर माणसं परत येत आणि दर हंगामात पटकी त्यांच्यातून हिशेब न ठेवता माणसं उचलून नेई. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळले, दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराला काम सोडावं लागलं. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत मुंबई इलाख्यातच वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. एकोणिसाव्या शतकात एका विधवेने बोरघाटाचं कंत्राट चालवलं, हे मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. आमच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या, तेव्हा ते ऐकायला बरं वाटलं असतं. बर्कले स्वतः १८६२ साली वारले. १८६३मध्ये घाट खुला झाला आणि मुंबईहून निघालेला डबा त्याच चाकांवर पुण्याला आला.

ॲलिसचं नाव निदान शोधलं तर सापडतं. त्या चाळीस हजारांतल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. त्यांत आपल्याच मावळातली, सातारा-नगरकडची माणसं असणार. दोन-तीन दिवसांचा प्रवास एका दिवसात बसला तो त्यांच्यामुळे.

दोन शहरं, दोन घड्याळं

घाट सुटला तरी एक गमतीदार अडथळा उरलाच होता : घड्याळ. पुणं मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ एक रेखांश आहे. त्यामुळे पुण्यात सूर्य चार मिनिटं आधी डोक्यावर येतो. पालखीच्या काळात या चार मिनिटांनी कुणाचं काही अडत नव्हतं. रेल्वेला मात्र सगळ्या स्टेशनांवर एकच वेळ लागते. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने पुढे होती.

१ जानेवारी १९०६पासून सरकारने देशभर एक प्रमाणवेळ आणली, तीच आपली आजची. मुंबई शहराने मात्र ती मनावर घेतली नाही. सरकार आपलं सूर्योदयाचं घड्याळही बदलणार, यावर गिरणगावात आणि सभांमध्ये संताप झाला. मुंबई महापालिकेने आपली जुनी मुंबई वेळ पुढे १९५५पर्यंत चालवली. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात पाच वाजून दहा मिनिटांना सुटणारी गाडी पकडायची, तर मुंबईच्या जुन्या वेळेवर चालणाऱ्या माणसाच्या घड्याळात तेव्हा चार एकतीस झालेले असत. पुणेकर पाहुणा मुंबईला उतरला की त्याला प्रवासात गेलेल्या वेळातली ३९ मिनिटं परत मिळत आणि घरी येताना ती व्याजाशिवाय फेडावी लागत. पुणेकरांच्या वक्तशीरपणावर विनोद करणाऱ्या मुंबईकरांनी हे लक्षात ठेवावं.

माझ्या कामात दोन संगणकांची घड्याळं जुळवणं हा रोजचा उपद्व्याप आहे. ती जुळली नाहीत तर आधी काय घडलं आणि नंतर काय, याचाच घोळ होतो. रेल्वेने हा प्रश्न आमच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी सोडवायला घेतला होता, आणि तंत्र सोपं होतं, माणसांची संमती अवघड होती.

राणी आणि तिसरा वर्ग

१९२९ हे वर्ष या मार्गावर मोठं ठरलं. घाटात नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशन टाळलं गेलं आणि पुण्यापर्यंत विजेवर गाड्या धावू लागल्या. १ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली. सुरुवातीला ती आठवड्याच्या शेवटी धावे, मुख्यतः मुंबईहून पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या बड्या लोकांसाठी. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या आणि प्रवासाचा वेळ पावणेतीन तास.

हा पावणेतीन तासांचा आकडा नीट लक्षात ठेवा. आज डेक्कन क्वीनला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत घाटात मागून ढकलणाऱ्या इंजिनांशिवाय चढते, तरी मुंबई-पुणे अंतराला तिलाही तीन तासांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे रेल्वेने गाठलेला सगळ्यात चांगला वेळ पंचाण्णव वर्षांपूर्वीचा आहे. मग मधल्या काळात काही सुधारलंच नाही का?

सुधारलं, पण ते घड्याळात दिसत नाही. डेक्कन क्वीनमध्ये सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो १९५५च्या जूनमध्ये. पंचवीस वर्षं सामान्य माणूस ही गाडी फक्त फलाटावरून पाहू शकत होता.

याचा अर्थ काय होतो, ते मला माझ्या आजीमुळे कळलं. १९५१ साली तिच्या थोरल्या भावाच्या आजारपणाची तार गिरगावातून पेठेतल्या वाड्यात आली. तार काही तासांत पोचली. आजोबांनी उसने पैसे गोळा करून तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं आणि ती पॅसेंजरने निघाली. कर्जतला गाडी बराच वेळ उभी होती, असं ती सांगायची. ती गिरगावात पोचली तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते. पावणेतीन तासांत मुंबईला नेणारी गाडी तेव्हा एकवीस वर्षं धावत होती. आजीसाठी पुणे-मुंबई अंतर मात्र पॅसेंजरइतकंच होतं. आजीने याबद्दल कधी तक्रार केली नाही. ‘नशिबात भेट नव्हती’, एवढंच म्हणायची. मला वाटतं, नशिबापेक्षा तो तिकिटाचा प्रश्न होता.

म्हणून प्रवास किती जलद झाला हे विचारताना, तो कुणासाठी झाला हेही विचारायला हवं. तिसरा वर्ग आला, मग पास आले, प्रगती, सिंहगड, इंद्रायणी आल्या. पहाटे पुण्यात डबा भरून घेऊन रात्री परत येणाऱ्या हजारो नोकरदारांनी हा मार्ग आपला केला. त्यात बायकाही मोठ्या संख्येने होत्या. गाडीत भाजी निवडणाऱ्या, हळदीकुंकू करणाऱ्या, कुणाच्या मुलीला स्थळ सुचवणाऱ्या पासवाल्या बायकांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. दर १ जूनला या गाडीचा वाढदिवस केक कापून होतो. घोड्यांच्या शर्यतीसाठी निघालेली गाडी अशी लोकांची झाली.

द्रुतगती

रस्त्याची गोष्ट तशीच. एसटीची पहिली बस १ जून १९४८ला पुण्याहून निघाली, पण ती नगरला गेली, मुंबईला नाही. दिल्लीच्या १९८२च्या एशियाड स्पर्धांनंतर आलेल्या निमआराम गाड्यांना आपण ‘एशियाड’च म्हणू लागलो आणि पुणे-दादर एशियाड हा आपल्या लहानपणीचा सुखाचा प्रवास झाला. खोपोलीला थांबा, वडा, पुन्हा घाट. घाटात ट्रक बंद पडला की चार तासांचे सात होत.

मी पदवी घेऊन बाहेर पडले त्याच वर्षी, २००२मध्ये, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी. कळंबोलीहून देहूरोडजवळ दीड तासाच्या आत येता येऊ लागलं. आमच्या पिढीच्या नोकऱ्या या रस्त्याबरोबर वाढल्या. मुंबईत काम आणि शनिवारी पुण्यात घर, हे आम्ही सहज गृहीत धरलं. २०११च्या पावसाळ्यात वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा फोन मला अंधेरीत रात्री साडेअकराला आला आणि पहाटे अडीचला मी त्यांच्या खाटेशी उभी होते. आजीला जे मिळालं नाही ते मला मिळालं. वडील बरे झाले, पण ते बरे झाले नसते तरी मी तिथे असते, हे महत्त्वाचं.

या रस्त्यानेही किंमत घेतली. २००१च्या फेब्रुवारीत भक्ती बर्वे याच रस्त्यावर गेल्या. २०१२च्या डिसेंबरमध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत म्हणून ती हळहळ राहिली. ज्यांची नावं वर्तमानपत्रात दोन ओळींत आली आणि विरली, अशांची संख्या फार मोठी आहे. घाटात मजूर मेले ते वेळ वाचवणारा मार्ग बांधताना. आपण मरतो ते वाचलेल्या वेळातली आणखी दहा मिनिटं वाचवताना. पहिल्याला इलाज नव्हता असं म्हणता येणार नाही, पण दुसऱ्याला इलाज नक्की आहे आणि तो आपल्या उजव्या पायाखाली आहे.

विमानाचा हिशेब

आता ज्या प्रश्नाची सगळे वाट पाहत असतील तो : विमानाने किती वेळ लागतो?

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. लोहगावचा विमानतळ १९३९चा आणि हवाई दलाचा. प्रवासी वाहतूक आजही त्याच धावपट्टीवरून होते. पुणे-मुंबई विमानसेवा वेगवेगळ्या कंपन्यांनी अनेकदा सुरू केली आणि अनेकदा ती बंद पडली. ती का टिकत नाही, ते कागदावर मांडून पाहू.

लोहगाव ते सांताक्रूझ सरळ अंतर सुमारे १२४ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या जेट विमानाला हे अंतर नऊ-साडेनऊ मिनिटांचं आहे. पण विमानाला त्या वेगापर्यंत चढायलाच त्याहून जास्त वेळ लागतो आणि चढलं न चढलं तोच उतरायची तयारी. धावपट्टीपर्यंत सरकणं, मुंबईच्या आभाळात रांगेत घिरट्या घालणं, उतरून पुन्हा दारापर्यंत सरकणं, हे धरून वेळापत्रकात तास-पाऊण तास लिहावा लागतो. आता पेठेतून लोहगावला जायला एक तास. तिथे दीड तास आधी पोचायचं. मुंबईला सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास आणि सांताक्रूझहून फोर्टपर्यंतच्या वीस-बावीस किलोमीटरना आणखी एक तास. बेरीज पाच तासांच्या घरात जाते. डेक्कन क्वीन याहून कमी वेळात फोर्टच्या दारात सोडते आणि वाटेत ऑम्लेट खायला घालते. आकाशातली नऊ मिनिटं खरी असली, तरी ती पाच तासांच्या पोटात बसली आहेत.

२०१८ साली हायपरलूपने पुणे-मुंबई पंचवीस मिनिटांत नेण्याचा करार गाजला होता. नळीतून हवा काढून डबा तरंगत न्यायची ती कल्पना. राज्य सरकारने प्रकल्पाला मान्यताही दिली. २०२३च्या अखेरीस ती कंपनीच बंद झाली. आमच्या क्षेत्रात दाखवण्यापुरता चालणारा नमुना आणि रोज लाखो लोकांनी वापरायची वस्तू यांच्यातलं अंतर घाटापेक्षा मोठं असतं. १८५६च्या मजुरांना ते मोजून कापावं लागलं होतं.

अरुंद जागा आता कुठे आहे?

आधी खाडी होती, मग घाट, मग रिव्हर्सिंग स्टेशन, मग तिकिटाचा वर्ग. प्रत्येक अडथळा काढला आणि पुढचा दिसला. अटल सेतू २०२४च्या जानेवारीत खुला झाला आणि १८३०च्या प्रवाशाला भरतीची वाट पाहायला लावणारी खाडी आता वीस मिनिटांत ओलांडता येते. घाटाचा वळसा टाळणारी ‘मिसिंग लिंक’ सुमारे नऊ किलोमीटरच्या बोगद्यासह आखली गेली, तीही वीस-पंचवीस मिनिटं वाचवण्यासाठी.

पण अरुंद जागा आता घाटात राहिलेली नाही. ती दोन्ही शहरांच्या पोटात आली आहे. बुधवार पेठेतून हिंजवडी वीसेक किलोमीटरवर आहे. संध्याकाळी परत येताना मला दीड तास लागतो, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. आपल्या आजोबांच्या वेळचा टांगा याहून फार मागे नव्हता. मुंबईहून निघालेली मैत्रीण फोन करते, ‘वाकडला पोचले’, आणि नंतर पाऊण तासाने पुन्हा फोन करते, ‘अजून विद्यापीठ चौकातच आहे’. पुणं-मुंबई जवळ आली, पुणं-पुणं लांब गेलं.

अभियंत्याच्या नजरेने यात निराश होण्यासारखं काही नाही. अरुंद जागा कुठे आहे हे कळणं म्हणजे अर्धं काम. २९ सप्टेंबर २०२४पासून मेट्रो आपल्या पेठांच्या पोटातून, जमिनीखालून धावते आहे. आराखड्यात ‘बुधवार पेठ’ म्हणून दाखवलेलं स्थानक आज कसबा पेठ नावाने फडके हौदाजवळ उभं आहे. वर गणपतीची गर्दी, खाली मेट्रो. घाटात पंचवीस बोगदे खणल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्या पेठेखालीही बोगदा आला, एवढंच.

तेव्हा मुंबईहून मेळाव्याला येणाऱ्यांना एक सूचना करून थांबते. गाडी काढू नका. पहाटेची इंद्रायणी धरलीत तर नऊच्या सुमाराला पुणे स्टेशन येतं. तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून कसबा पेठ, आणि वर आलात की शाळा चालण्याच्या अंतरावर. कर्जत सोडल्यावर गाडीला मागून इंजिन लागेल. तेव्हा वडा हातात असला तरी एकदा खिडकीतून दरीकडे पाहा. त्या कातळात दोरावर लोंबकळून ज्यांनी भोकं पाडली, त्यांच्यामुळे तुम्ही प्रार्थनेच्या वेळेआधी पोचाल.